सहा पेशी

नांदेड, रविवार

प्रिय दादा,

फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय. आपल्या गल्लीतला सिद्धलिंग आज उदगीरला निघालाय, त्याच्या हाती देते. शेवटपर्यंत वाच, मगच वहिनीला दाखव.

प्रयोगशाळेत मी काय करते, असं तू नेहमी विचारतोस. मातीत एक सूत्रकृमी असते, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. हलका स्पर्श कळायला तिच्या अंगात फक्त सहा पेशी असतात. तिच्या जनुकांत आम्ही असा बदल केला, की नेमक्या त्या सहाच पेशी आपोआप मरतात. बाकी सगळं शाबूत. ती खाते, फिरते, अंडी घालते. परवा पापणीच्या केसाने मी तिला डिवचलं. एरवी कृमी झटक्यात मागे सरते. ही पुढेच जात राहिली. सर म्हणाले, "जमलं की तुला, मंजुश्री."

मला अप्पा आठवले. अडतीत तुरीची पोती उतरवताना त्यांच्या तळपायात खिळा घुसला आणि ते तसेच घरी चालत आले. फरशीवरचे रक्ताचे ठसे नागम्मा आत्याने पाहिले. "कुठं काय, दुखून तर न्हाई राहिलं," म्हणून अप्पा हसले. पुढे लातूरला पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सगळ्यांनी साखरेला दोष दिला. त्यांची साखर कधी वाढलेलीच नव्हती.

गेल्या महिन्यात स्टँडवरून खोलीवर पोचले, तर माझ्या उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली, कळलंच नाही. घाबरून तपासण्या केल्या. जनुकांचा रिपोर्ट सोमवारी आला. माझ्या पायांच्या नसा हळूहळू मरतायत, दादा, आणि हे अप्पांकडून आलंय. तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे.

तरी मी अजून काही दिवस गप्प बसले असते. पण काल वहिनी फोनवर कौतुकाने सांगत होती, तुमच्या तनुजाचा पाय गरम पातेल्याला टेकला, टरटरून फोड आला, तरी पोरगी रडली नाही, लई धीराची हाय. दादा, सात वर्षांच्या पोरीत एवढा धीर नसतो. तिला शाबासकी देऊ नका. तिचे तळवे उजेडात नीट बघ, तुझेही बघ, आणि उद्याच तिला घेऊन ये. यावर औषध नाही, पण वेळेत कळलं तर पाय वाचतात. मला एकटीला फार भीती वाटतेय.

तुझीच,
मंजू