आवाज थांबला की तुम्ही उठायचात

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा सूर मऊ लागला तर तुम्ही उगाच हुरळून जायला नको. आजचं निमित्त तुमच्या नातीचं. तिची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा जवळ आली आहे आणि इंग्रजी उतारे सोडवायला ती दार लावून बसते. आतून हूं की चूं नाही. मी पोळ्या लाटता लाटता उठले, दार उघडून बघितलं, परत आले. थोड्या वेळानं पुन्हा गेले. शेवटी ती वैतागली, "मम्मी, काय आहे? वाचतेय ना मी!" मी म्हटलं, "आवाज येईना, म्हणून बघितलं." तर म्हणते कशी, "वाचायला आवाज कशाला लागतो?" मी गुपचूप दार लोटून घेतलं. तव्यावरची पोळी करपली होती. मला माझीच शिसारी आली आबा, कारण ते दार मी उघडलंच नव्हतं. माझ्या हातानं तुम्ही उघडलं होतं.

उधन्याची खोली आठवते का? आपल्या भिंतीला भिंत लागून खातं होतं. मागाच्या शेडला सुरतेत खातंच म्हणतात, आणि त्या खात्यातले माग रात्रंदिवस असे खडखडायचे की मांडणीवरचे पेले आपोआप सरकत कडेला यायचे. आपण सगळे घरातल्या घरात ओरडून बोलायचो. शेजारच्यांना वाटावं भांडण चाललंय, पण तेही ओरडूनच बोलायचे, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. रात्रपाळी करून तुम्ही सकाळी यायचात, भुवयांवर धाग्याची पांढरी लव, कानात लव, मिशीत लव, आणि त्या खडखडाटात असे गाढ झोपायचात की उशाशी ताट पडलं तरी कूस बदलायचा नाहीत. जागे व्हायचात ते फक्त वीज गेली की. सगळे माग एकदम बंद पडायचे आणि तुम्ही ताडकन उठून बसायचात. "काय व्हयनं? काय बंद पडनं?" खानदेश सोडून इतकी वर्षं झाली तरी झोपेत तुमची अहिराणीच निघायची. माग बंद म्हणजे मजुरी बंद, एवढं तुमच्या हाडात भिनलेलं.

मग आपण डिंडोलीला घर घेतलं. स्वतःचं घर, पुढे ओटा, मागे मोरी, आजूबाजूला तेव्हा नुसती शेतं आणि अर्धवट बांधकामं. आई हरखून गेली. आणि तुमची झोप उडाली. इतकं शांत होतं तिथे की तुम्हाला डोळाच लागेना. पंखा मोठा केला, रेडिओ लावून पाहिला, पण रेडिओवर माणसं बोलायची, बोललेलं कळायचं, आणि कळलं की तुमचं डोकं चालू व्हायचं. मी तेव्हा बारावीत होते. बाहेरगावच्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची ठरवली होती, आणि लाल पुठ्ठ्याचं एक जुनं गाइड आणलं होतं, इंग्रजी उताऱ्यांचं. एक दिवस मी ओट्यावर बसून मोठ्यानं एक उतारा वाचत होते आणि आत तुम्ही घोरायला लागलात. आई बाहेर येऊन खुणेनं म्हणाली, वाचत राहा. झालं! त्या दिवसापासून माझा अभ्यास म्हणजे तुमचा माग झाला.

आता नीट ऐका. मराठी वाचलं तर तुम्हाला कळायचं, म्हणून मराठी चालायचं नाही. इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे, म्हणून इंग्रजी पाहिजे. म्हणजे तुमच्या मुलीनं जे समजून घ्यायला ते पुस्तक उघडलं होतं, त्यातलं तुम्हाला काहीही समजत नाही हाच त्याचा उपयोग! आणि बाहेर खात्यातल्या माणसांपुढे मिरवायचात, "मनी पोर दिवसभर इंग्रजी वाचस. मी स्वतः समोर बसाडस." समोर कुठले, खाटेवर पालथे पडलेले असायचात! उशाशी तो डालड्याचा डबा. त्यात तुम्ही दिवसभर मावा थुंकायचात आणि त्याला आंबूस, तंबाखूचा वास यायचा. त्या वासात मी परदेशातल्या बर्फावर, रानहंसांच्या थव्यावर, कुठल्याशा दीपगृहाच्या रखवालदारावरचे उतारे वाचत बसायचे. अजूनही इंग्रजी छापील पान समोर आलं की मला आधी तो डबा आठवतो. काय बोलावं!

उतारा संपला की खाली प्रश्न असायचे. लेखकाला काय म्हणायचंय, अमुक शब्दाचा इथे अर्थ काय. त्यासाठी थांबावं लागतं आबा. गप्प बसावं लागतं, पुन्हा वर जाऊन ते वाक्य शोधावं लागतं. मी थांबले की आतून तुमचा आवाज, "काय बंद पडनं?" मी सांगायचे, विचार करतेय. तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "वाच माय, वाच. जोरमा वाच. गप बसाथून काय होस?" आणि मी पुढचा उतारा सुरू करायचे. प्रश्न राहायचे. ते सबंध गाइड मी कितीदा वाचलं असेल, पण प्रश्नांच्या जागा कोऱ्याच होत्या. आईला एकदा दया आली. ती म्हणाली, "आते बस कर, घसा बसनाय तिना." तर तुम्ही तिच्यावरच डाफरलात. म्हणालात, मागावरचा माणूस थांबला तर शेठ हाकलून देतो, हिला तर नुसतं तोंड चालवायचंय.

ट्यूशनच्या सरांना पहिल्याच आठवड्यात कळलं. गुजराती माणूस, मऊ बोलणारा, पण त्या दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला. वर्गात सगळी पोरं खाली मान घालून वाचतायत आणि माझा पट्टा सुरू. सर म्हणाले, "बेन, आ कारखानो बंध कर! मनमां वांच." वर्ग हसला. मी तोंड मिटलं आणि पानाकडे पाहिलं, तर अक्षरं नुसती उभी. माझ्या घशातून गेल्याशिवाय एकाही शब्दाला माझ्याकडे यायची सवय नव्हती. सर दुसऱ्या दिवशी घरी आले, तुमच्याशी बोलायला. मला वाटलं, सुटले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि अगदी अदबीनं म्हणालात, "साहेब, मनातल्या मनात वाचते का झोपते, ते मला कसं कळणार? चालू माग ऐकू येतो."  सर चहा संपवून गेले. मला त्या क्षणी तुमची इतकी चीड आली होती की कप विसळताना मी तो मोरीत आपटला.

त्या परीक्षेत माझं काय पणाला लागलं होतं, हे तुम्हाला कधी कळलं नाही, म्हणून लिहिते. मला नुसती पदवी नको होती. मला तिथून निघायचं होतं. वसतिगृहात एक खाट, एक टेबल आणि असं एक दार, जे लावलं की पलीकडून कुणी काही विचारणार नाही. बस, एवढंच.

परीक्षेचं केंद्र अठवा लाइन्सच्या एका कॉलेजात होतं. तुम्ही मला सायकलवर मागे बसवून सोडायला आलात, नवा शर्ट घालून, आणि फाटकापाशी सगळ्यांदेखत ओरडलात, "जोरमा वाचजो!" पोरी वळून बघायला लागल्या. आत इतकी शांतता होती की मला कानात शिट्टी ऐकू यायला लागली. पेपर हातात आला. पहिला उतारा झाडांच्या मुळांवर होता. मी मनात वाचायचा प्रयत्न केला. ओळ संपली की सुरुवात हरवायची. पुन्हा सुरुवातीपासून. मग नकळत ओठ हलले, मग आवाज फुटला, आणि आपला आवाज तर माहीतच आहे, उधन्याच्या मापाचा! पुढची मुलगी दचकली. पहाऱ्यावरच्या बाई आल्या. हिंदीत म्हणाल्या, "आवाज बंद करो. कितनी बार बोलूँ?" मी दोन्ही ओठ दातांखाली धरले. पुन्हा कधी सुटले कळलं नाही. शेवटी त्यांनी मला उठवून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, शिपायाच्या शेजारी. तिथे मी मोकळेपणी वाचू शकले असते. पण मला रडू आवरेना, आणि रडताना वाचता येत नाही. प्रश्न कोरे राहिले, घरच्या गाइडातल्यासारखेच.

निकाल लागला तेव्हा तुम्ही काय केलंत? खात्यात सांगितलंत की पेपर फुटला होता, मोठ्या लोकांच्या पोरांना आधीच मिळाला होता. साफ खोटं! मी समोर उभी होते, माझ्याकडे पाहायचीसुद्धा तुम्हाला गरज वाटली नाही. आणि त्याच उन्हाळ्यात शिरपूरकडची माणसं मला बघायला आली. पोहे झाले, चहा झाला, आणि तुम्ही ते लाल गाइड काढलंत. "वाच माय, पाहुण्यासले दाखाड." शी! आजही लिहिताना अंगावर काटा येतो. हरलेल्या लढाईची तलवार काढून दाखवावी तसं. मी पुस्तक उघडलं, नजर पानावर ठेवली आणि त्याच चालीत, त्याच आवाजात, इंग्रजीत म्हटलं की माझ्या बापाला स्वतःच्या झोपेपुढे काही दिसत नाही, मला या घरात श्वास घेता येत नाही, आणि तुमच्याही घरी मला यायचं नाही. बिनचूक इंग्रजी होतं, आजही तपासून बघा. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "पोर हुशार शे ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्याची लाज नाही वाटत, तेव्हाही नव्हती. पुढे त्यांचा निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण आवाज फार मोठा आहे. तुम्ही दिवसभर धुमसत होतात, "आवाज मोठा म्हणे! मुकी पाहिजे का मग?" त्या एका दिवशी मला तुमचं हसू आलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. उधन्याच्याच कॉलेजात बी.कॉम., मग लग्न, मग इच्छापोरच्या ठेकेदाराच्या ऑफिसात नोकरी. तिथेही ईमेल वाचताना माझे ओठ हलतात आणि समोरचा पोरगा विचारतो, "मॅडम, मंत्र म्हणताय का?" तुम्ही खात्यातून घरी बसलात ते छातीत लव साचून. डॉक्टरांनी आराम सांगितला आणि आराम तर तुम्हाला येतच नव्हता. मी माहेरी आले होते, पोर पोटात होती. दुपारी तुम्ही खाटेवरून म्हणालात, "झोप नही लागत माय. वाच ना काहीतरी." मावा सुटला होता, तरी तो डबा उशाशी होताच. मला इतका तिटकारा आला, की इतकं सगळं होऊनही यांना तेच पाहिजे. पण कपाटावरून ते लाल गाइड काढलं आणि बसले. रानहंसांचा उतारा लागला. तुमचा श्वास आधी घरघरत होता, मग संथ झाला. मी वाचत गेले. उतारा संपला. आणि पहिल्यांदाच मी पान उलटलं नाही. खाली पहिला प्रश्न होता, थव्यातला पुढचा हंस दमला की मागे का जातो. मी उत्तर शोधायला वर उताऱ्यात पाहिलं आणि गप्प झाले. वाक्य सापडलं. मनात वाचलं मी ते आबा, मनात, आणि ते मला कळलं. कितीतरी वेळ मी त्या वाक्यावर खूश होऊन बसले होते. मग लक्षात आलं, मला कुणी विचारलंच नाही, काय बंद पडलं म्हणून.

जी शांतता मी सगळी उमर मागत होते, ती दिलीत तीसुद्धा तुमच्या पद्धतीनं, माझं सगळं नासवून. याचा राग मी कुठे नेऊ सांगा. त्यानंतर आईला हाक मारायला माझ्या तोंडून आवाज निघेना. माझ्या तोंडून! आई आपणच आली मोरीतून हात पुसत, म्हणाली, "का थांबनी?"

आत तुमची नात अजून गप्प बसून वाचते आहे. तिला मी सांगितलंय, आता उघडणार नाही दार. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणार तरी कुठे, आणि टाकलं तरी तुम्हाला कुठे वाचता येतं, कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. म्हणून स्वयंपाकघरात बसून, ओठ हलवत, हळू आवाजात म्हणत म्हणत लिहिलं. तुमच्याबद्दलची किळस आहे तशीच आहे, ती काही कमी झालेली नाही. फक्त एक सांगते. तुमची ती खाट आता माझ्याकडे आहे, स्वयंपाकघराच्या दारातून दिसते, तिच्यावर आम्ही धुतलेले कपडे टाकतो. लिहिताना एखाद्या शब्दाला अडून मी गप्प झाले की दर वेळी मान वर करून तिच्याकडे बघत होते.