यंत्राच्या पोटातला पहारेकरी

अल-मीना, त्रिपोली
१२ मार्च २०२३

प्रिय रामेझदादा,

सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा जिन्यात कुरकुरतो, पण बसल्या जागेवरून ती अख्ख्या गल्लीला पुरून उरते. बाबांचा खोकला गेला. समुद्राकडची खिडकी फुगली आहे, लागता लागत नाही. माँट्रियलला अजून बर्फ आहे का? मागच्या फोटोत तू टोपी घातली नव्हतीस, हे आईने बरोबर हेरलं.

घरातलं इंटरनेट मी बदललं, हे बाबांनी तुला फोनवर सांगितलं. त्यांच्या पद्धतीने सांगितलं असणार, म्हणजे अर्धं चुकीचं. म्हणून लिहिते.

तू लावून गेलेला राउटर तापून बंद पडत होता. कुवेतच्या मुलांना गणित शिकवताना बाबा पडद्यावर मध्येच गोठायचे, तोंड उघडं, खडू हवेत. एका मुलाच्या वडिलांनी तर सरळ विचारलं, "उस्ताद, तुम्ही बरे आहात ना?" शिकवण्या सुटल्या तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही, हे तुला माहीत आहे. तास न घेता घरी बसलेले बाबा मला बघवणार नाहीत.

म्हणून मी एका कचेरीने टाकायला काढलेला संगणक आणला, त्यात जादा नेटवर्क कार्ड बसवलं, एकात अनेक संगणक चालवणारा हायपरव्हायजर घातला आणि राउटरचं काम त्याच्या आतल्या फायरवॉलवर सोपवलं. तुला हे समजावायला नको. बाबांना समजावताना मात्र घाम फुटला.

"राउटर कुठे आहे?"

"आत, बाबा. एका संगणकाच्या आत तीन-चार संगणक राहतात. त्यातला एक पहारेकरी. बाहेरून येणारं सगळं आधी त्याच्याकडे, मग घरात."

"दाखव."

"तो दिसत नाही."

"दिसत नाही आणि सगळ्यांवर लक्ष ठेवतो," आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे तुमची बहीणच. पण ती दिसते तरी."

वरच्या विदादखालांकडे आपलीच लाइन बाल्कनीवरून जाते, ती मी तोडली नाही. शेजाऱ्याला नेट नाही म्हणायची आपल्या गल्लीत पद्धत नाही. फक्त त्यांची वाट वेगळी केली. आता त्यांच्या टीव्हीला आपला प्रिंटर दिसत नाही. त्या रुसल्या. "आम्ही काय चोर आहोत, पोरी?" मी म्हटलं, "खाला, तुमच्या नातवाने परवा आमच्या प्रिंटरवर फुटबॉलवाल्यांचे फोटो छापले, सगळी शाई संपली." हसून हसून त्यांनी कॉफी सांडली.

आता मंगळवारचं. ते तू अर्धं ऐकलंच आहेस.

बाबांचा परीक्षेआधीचा मोठा तास होता. बैठकीत आईच्या मैत्रिणी. सरकारी वीज गेली आणि गल्लीचा जनरेटर लागेपर्यंत तो नेहमीचा अंधार. आपली बॅटरी म्हातारी झाली आहे, तिने मान टाकली. जनरेटर लागल्यावर यंत्र परत सुरू झालं, नेट आलं नाही. चूक माझीच होती, आणि अगदी मूर्ख. यंत्राने आपला नेटवर्कमधला पत्ता पहारेकऱ्याकडे मागायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण पहारेकरी त्याच्याच पोटात, आणि त्याला आपोआप उठायला मी सांगितलंच नव्हतं. त्याला उठवायला लॅपटॉपवरून यंत्रात शिरावं, तर यंत्राला पत्ताच नाही. माळ्यावर चढायची शिडी माळ्यावरच ठेवली होती मी.

बाबांनी मोबाइलवरून तुला फोन लावला. तुझा आवाज मला ऐकू येत होता. "तिला म्हणावं, हा खेळ पुरे. माझा राउटर परत लाव."

बाबा माझ्याकडे बघत होते. मग ते तुला म्हणाले, "ती करते आहे. तू जेव."

आणि फोन ठेवला. दादा, हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा ऐकलं असेल!

मी बैठकीतला टीव्ही काढला. मालिका रंगात आली होती, बायका ओरडल्या, "नजवा, अगं तिचं लग्न मोडतंय!" आई म्हणाली, "मोडू दे, उद्या जुळवतील." टीव्ही यंत्राला थेट जोडला, कीबोर्ड लावला, पहारेकऱ्याला उठवलं. बाबांनी टाय सरळ केला आणि तास घेतला.

दुसऱ्या दिवशी यंत्राला कायमचा पत्ता दिला, पहारेकऱ्याने सगळ्यांच्या आधी उठायचं असं ठरवलं. मग बाबांना खुर्चीवर बसवून त्यांच्यासमोर मी स्वतः वीज तोडली. नेट आपोआप आलं. परत तोडली. परत आलं. मी शाळेला घाबरायचे तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनीच शिकवलं होतं, उत्तर आलं तरी पडताळा घ्यायचा. तिसऱ्यांदा तोडायला गेले तर म्हणाले, "बस. पटलं." एवढं कौतुक मला त्यांच्याकडून पहिल्यांदा मिळालं.

आता जे लिहायचं म्हणून बसले आणि खिडकीचं लाकूड लिहीत राहिले, ते.

शुक्रवारी तू तिकडून घराच्या नेटवर्कमध्ये शिरायचा प्रयत्न केलास. तू जाताना ठेवलेल्या वाटेने. पहारेकऱ्याने मला दाखवलं. ती वाट मी बंद केली आहे, दादा. तुला न विचारता. ती साऱ्या जगाला उघडी होती आणि परके लोक रोज तिच्यावर धडका देत होते, हे खरं कारण आहे. पण एकच नाही. तू तिकडून रात्रीत काहीतरी बदलायचास आणि सकाळी आम्ही तुझ्या उठण्याची वाट बघायचो. तू दर उन्हाळ्यात येतो म्हणतोस. मी रागावलेली नाही. पण घर चालवायला घरात असलेलं माणूस लागतं, आणि ते माणूस मी आहे.

तुझ्यासाठी नवी, सुरक्षित वाट केली आहे. तिने बाबांचे तास आणि आपले फोटो तुला दिसतील. यंत्राला हात लावता येणार नाही. हे लिहून दोनदा वाचलं, तरी खोडत नाही. सांकेतिक शब्द मी तोंडीच सांगेन. त्यासाठी फोन कर. बाबांना नको, मला.

टोपी घाल.

अबू रामेझच्या, म्हणजे आपल्या बाबांच्या, घराची राखण करणारी,
तुझी धाकटी बहीण
नजवा