रंगवलेला उंदीर

रामवाडी, पेण
सप्टेंबर १९८७

आये, लांबूनच पाया पडते.

मी बरी हाय. हात दुखतात, पण गणपतीचा हंगाम संपला की कारखान्यात सगळ्यांचेच दुखतात. तुझा गुडघा कसा हाय? अष्टमी गावातल्या डॉक्टरला दाखवलास का?

शिलाई मशीनचं विचारलंस. वर्षभर संध्याकाळचा चहा सोडला, तो रुपया रोज साठवला, हे खरं. खोलीत आम्ही सहाजणी, पेटीला कुलूप नाय. म्हणून मातीचा पोकळ उंदीर केला, पोटाला फट ठेवली आणि कारखान्याच्या फळीवर ठेवला. उंदीर कोण चोरतो? वाजू नये म्हणून आत चिंध्या कोंबल्या. वर हौसेनं रंगवलापण. तिथंच चुकलं.

चतुर्थीच्या सकाळी एका गिऱ्हाइकाच्या गणपतीचा उंदीर फुटला. शेठनं फळीवरचा माझा काढून दिला. "चांगला भरीव हाय," म्हणून गिऱ्हाईक खूश. मी धावले, तोवर त्यांनी मोरया म्हणून देव उचलला होता. उचललेला देव खाली ठेवा, असं कुठल्या तोंडानं सांगू?

दादाला बोलू नको, हसेल. चहा परत सोडलाय. मशीन घेतल्याशिवाय घरी येणार नाय, हे मीच बोलले होते. तेव्हा दिवाळीला वाट बघू नको.

विसर्जनाला नदीवर गेले होते, उंदीर दिसतो का बघायला. नाय दिसला. सगळी माणसं "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडत होती. मला वाटलं, तूच मला हाक मारतेस.

तुझी बायजा