पंपघराचा शेवट

गुरु. ११ जाने. ७९
कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. संत तुकाराम नगरात देशपांड्यांच्या गच्चीवर आमच्या वाचनमंडळाची बैठक. आज पहिल्यांदाच शिफारस माझी नव्हती. जग संपल्यानंतरच्या कादंबऱ्या हा चार वर्षं माझा प्रांत. रद्दीतून इंग्रजी पुस्तक मी शोधायचं, अर्धी गोष्ट सांगून थांबायचं, पुढचं हवं त्याने पुस्तक न्यायला नंबर लावायचा. शेवट फोडायचा नाही, हा नियमही माझाच.

आज सोनवणे उभा राहिला. असेंब्लीतला फिटर, लातूरकडचा, डिक्शनरी घेऊन वाचतो. पुस्तक कुठलं, तर पंपघराचं. साथीत शहर ओस पडतं, सात माणसं पाण्याच्या पंपघरात तग धरतात. माझं सगळ्यात आवडतं, राखून ठेवलेलं. आणि हा सांगतो कसं, तर "भांडं बुडवायचं न्हाई बगा, पळीनं पानी वाटायचं. भात्तर सालच्या दुष्काळात आमच्याकडं बी असंच." कोणी चहाला हात लावला नाही. नऊ नंबर. माझ्या पुस्तकांना तीन-चारच्या वर कधी...

शुक्र. १२
जेवणाच्या सुट्टीत मंडळातला पाटील, "जोशी, तुमचा सोनवणे भारी सांगतो राव." माझा म्हणे. डबा बंद केला.

घरी शैलाला सांगितलं. शाळेत इंग्रजी शिकवते, पण माझी ही पुस्तकं लग्नानंतर नऊ वर्षांत हातात धरली नाहीत. म्हणाली, "नऊ जणांनी? माझाही नंबर लावा ना." ऐकू न आल्यासारखं केलं. जळतोय मी. दुसरा शब्द नाही.

गुरु. १८
करून बसलो. सोनवणे पुस्तक घेऊन आला होता, पहिल्या नंबरला द्यायला. मी उठलो आणि शेवट फोडला. टाकीत विष निघतं, सातही जण मरतात. देशपांडे म्हणाले, "नियम तुमचाच ना हो?" सो. एवढंच म्हणाला, "साहेबांनी आदी वाचलंय ते." पुस्तक पिशवीत घातलं. पाच जणांनी नावं काढून घेतली. बरं वाटलं, जिना उतरेपर्यंत.

शुक्र. १९
इथे तरी लिहितो. माझ्या प्रतीला शेवटची पानं नाहीत. रद्दीवाल्याकडेच नव्हती. म्हणून तर कधी शिफारस केली नाही. विष मी घातलं, तिथल्या तिथे. सो.ची प्रत पूर्ण आहे. म्हणजे त्याला कळलंय. मग गप्प का? चारचौघांत बोलला असता तर भांडता आलं असतं. हा मोठेपणा जास्त झोंबतो.

सोम. २२
शिफ्ट सुटल्यावर सो. आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या दारात. शैलाने परस्पर देशपांड्यांकडे नंबर लावलेला, त्यांनी तो पहिला धरलेला. "वहिनींना द्या." पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, नीट दुमडलेलं. राहवलं नाही, विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीत?

"काय बोलू साहेब? आपलं इंग्रजी कच्चं. घरी जाऊन शेवट दोनदा वाचला, एकेक शब्द काढून. मला तर विष कुठं घावलं न्हाई. म्हनलं, आपलंच चुकत असंल. गुरुवारी डिक्शनरी घिऊन येतो, तेवढं समजावून सांगा."

मी "बघू" म्हणालो. सायकलचं कुलूप तीनदा काढलं-लावलं.

मंगळ. २३
शैला वाचतेय. आमटी लागली खाली. मला त्या पानांची भूक आहे आणि मागायची लाज. हेवा आता तिचाही.

गुरु. २५
सकाळी पुस्तक मिटलं तिने. "अहो, यातलं कोणीच मरत नाही." मी दाढी करत होतो. "ते बिचारे सोनवणे काल भाजी घेताना भेटले. डिक्शनरी आणणारेत. म्हणाले, साहेब सांगतील म्हणजे बरोबरच असणार." मग, "तुम्ही काय सांगणार आहात?"

टॉवेल शोधायला आत आलो, तो हे लिहितोय. बैठक दहाला. साडेनऊ झाले. ती चप्पल घालून दारात उभी आहे, म्हणतेय, आज मीपण येते.