पिंकीच्या वर्गाची उत्तरं

ग्लासगो, रविवार

प्रिय सिद्धोधनदादा,
सप्रेम जयभीम.

मी बरी हाय. इथं थंडी लय हाय, पण आईला सांग, दोन स्वेटर घातल्याबिगर मी बाहेर पडत न्हाई. तिचा गुडघा कसा हाय?

परीक्षेच्या भीतीवरच्या माझ्या लेखाचा आता कुठं कुठं दाखला देतात. ताडकळसला तुझ्या शाळेत तू पोरांकडून भरून घेतलेल्या उत्तरांवरच तो उभा हाय. खेड्यातली पोरं परीक्षेला भीत न्हाईत, असा त्याचा निष्कर्ष. परवा परिषदेत एका मोठ्या प्राध्यापकांनी ते वाक्य पडद्यावर लावलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी आईचा फोन आला. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी पिंकी धान्याच्या कोठीमागं लपून बसली होती म्हणे, सारखी उलट्या करायली होती. स्वतःच्या लेकीचं हे तू मला का कळवलं न्हाईस?

ती पाचवीत असताना तिच्या वर्गानंही ती उत्तरं लिहिली होती. 'भीती वाटते' यावर एकाही पोरानं खूण केली नव्हती. तेव्हा तू वर्गात उभा होतास का? आपले गुरुजी समोर असताना आपण तरी खरं लिहिलं असतं का?

तुला बोल लावत न्हाई. लेखातलं गणित मी परत परत तपासायलेय, ते बरोबरच येतंय. त्यानंच झोप उडालीय.

पिंकीला तेच प्रश्न परत विचारा. पण तू न्हाई, आपल्या आईला विचारू दे. तेवढा वेळ तू पारावर जाऊन बस. आणि ती काय म्हणाली, ते आईच मला सांगंल.

वहिनीला जयभीम.

तुझी,
विशाखा