आपला पब बंद झाल्यावर

टोरांटो, रविवार

लाडक्या बाबांना,

मी बरी आहे, पोटभर जेवते. इथल्या थंडीपुढे आपल्या आयर्लंडचा गारठा काहीच नाही, पण कोट जाड आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

पब कायमचा बंद केल्याचं तुम्ही कळवलंत. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, तुम्ही तरी काय करणार? पण पत्र वाचून दिवसभर रडले. मेंढ्यांचे सौदे, लग्नं जुळणं, भांडणं, दिलजमाई, गावाचं सगळं तिथंच व्हायचं. आई गेली तेव्हा टाईगकाकांनी तुम्हाला विस्तवाजवळ बसवलं आणि बाह्या सारून स्वतः ग्लास विसळले. सगळं गाव तुमच्याभोवती बसून राहिलं होतं.

काल काकांचा फोन आला. "ऑर्ला, तुझा बाप दार उघडत नाही गं. रोज ठोठावतो नि परत जातो. मला कुठं बिअर हवीय? त्याच्याजवळ बसायचंय."

बोलता बोलता ते रडले, बाबा.

मला इतक्यात येता येणार नाही. काकांना आत घ्या. चहा करा, नाहीतर दोघं मिळून रडा, पण असे एकटे बसू नका.

तुमच्यासाठी जीव तुटणारी,
ऑर्ला