फिल्मवरचा उलटा आर

सांगली, गुरुवार, ऑक्टोबर १९७८

स्वतःची किळस येते आहे. घरी आल्यापासून तीनदा हात धुतले, तरी जात नाही.

आज लोणंदच्या हौसाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन. त्यांची एक पॅराथायरॉइड ग्रंथी वाढलीय, हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. गळ्यातल्या अशा चार ग्रंथींपैकी कुठली, ते कळावं म्हणून त्यांना मुंबईला स्कॅनला पाठवलं होतं. फिल्मवर काळ्या ठिपक्यांचा पुंजका आणि शेजारी उजव्या बाजूची खूण, इंग्रजी आर.

ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सरांनी फिल्म दिव्यावर लावली तेव्हा तो आर आरशातल्यासारखा उलटा दिसत होता. म्हणजे फिल्मच उलटी लागली होती. मला दिसलं. सर म्हणाले, "डावीकडे." मी चिमटे धरून उभी राहिले. का नाही बोलले? सरांना कुणी टोकत नाही म्हणून? की पुढच्या नोकरीला त्यांचं पत्र हवंय म्हणून?

तासभर डावीकडे चाचपलं, तिथं आवाजाची नस दुखावली. ग्रंथी शेवटी उजवीकडेच मिळाली. हात धुताना सर म्हणाले, "स्कॅनने दिशाभूल केली, असं ऑपरेशनच्या नोंदीत लिहून टाक." लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात. तो आर डोळ्यांपुढून हलत नव्हता, तरी लिहिलं.

निघताना हौसाबाईंना बघायला गेले. आवाज पार फाटलेला. माझा हात धरून म्हणाल्या, "म्हमईच्या फोटोनं फसीवलं म्हनं. तुमी हुता म्हनून गाठ घावली, बाई."

मी मान डोलावली.